आधी उठवा, झोपेचं नंतर बघू

शाळा उघडायला आठ-दहा दिवस उरले की माझा फोन वाजायला लागतो. मी अमळनेर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका, त्यामुळे दर जूनला हा प्रश्न ठरलेला: "मॅडम, हाऊ पोऱ्या सकायले उठतच नही, काय करो?" विचारणारीला वाटतं, बाईंच्या घरी सगळं घड्याळावर चालत असेल.

तर आधी माझीच फजिती सांगते. माझी मुलगी तेव्हा दुसरीत गेली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाकडे झोके, परत आली तर बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा. यात्रेतल्या पाळण्यात बसून झाल्यावर घरी यायला रोज रात्रीचे अकरा-बारा. शाळेच्या आदल्या रात्री मला जाग आली आणि मी नऊला फर्मान काढलं, दिवे बंद, सगळे झोपा. अकराला डोकावले तर पोरगी टक्क जागी. "आई, झोप आणायची कशी?" सकाळी तिला अर्धवट झोपेतच गणवेश चढवला. प्रवेशोत्सवाच्या रांगेत ती हातातल्या फुग्यासकट पेंगत होती म्हणे. म्हणे, कारण मी त्याच वेळी माझ्या शाळेत लोकांच्या पोरांना गुलाब वाटत होते.

चूक साधी होती. आपल्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. झोप लागायला अंग आतून थोडं निवावं लागतं. अशा घरात नऊला झोप म्हणणं म्हणजे तव्यावर निज म्हणण्यासारखं.

म्हणून आता मी झोपेच्या नादी लागत नाही, उठण्यापासून सुरुवात करते. दहा-बारा दिवस आधीपासून रोज पंधरा मिनिटं लवकर. गच्चीवर झोपलेलं पोर उन्हाची तिरीप आली की चादर ओढत खाली येतं आणि कूलरसमोर पुन्हा आडवं होतं. ते तेवढं होऊ द्यायचं नाही. कूलर बंद, पोर अंगणात. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायची. मग रात्री ते आपणहून लवकर कलंडतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, ती या हिशेबात बसवायची.

पण उठवायचं कशाच्या जोरावर? ओरडून एक दिवस उठतात. आमच्याकडे सासूबाई कुरडयांचा शेवटचा घाणा मुद्दाम जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबवतात. पाऊस आला तर सगळं मुसळ केरात, पण त्यांची हौस. पहाटे पाचला पातेल्यात चीक रटरटायला लागतो, पांढऱ्याचा काचेसारखा होत जातो, आणि त्या फक्त एवढंच म्हणतात, "गरम आहे तोवरच." वाटीत चीक, वर तेल, थोडं मीठ. दोन्ही पोरं डोळे चोळत चुलीपाशी हजर. नंतर कुरडयांवरचे कावळे हाकलायचं काम त्यांचंच, म्हणजे पुन्हा झोपायची सोय नाही.

वह्या-पुस्तकांचं मी फार मनावर घेत नाही, पुस्तकं शाळेत मिळतात. बूट मात्र आठवडाभर आधी घालून बघा. दोन महिने चपलेत पसरलेला पाय जुन्या बुटात जात नाही. गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांचा तर बूटच रिकामा नव्हता. आत आंब्याच्या पाच कोयी निघाल्या, राखून ठेवलेल्या.

आणि धाकटं चौथीच्या आत असेल तर फार घाबरू नका. २०२४ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचे असा शासनाचाच आदेश आहे. खरी परीक्षा सकाळच्या सत्रात जाणाऱ्या मोठ्यांची.

परवा एकीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते ठीक शे मॅडम, पन माले कोन उठाडी?"