पाच, पण कशाचे?

संगणकाला ५ मीटर आणि ५ सेकंद यांतला फरक एरवी कळत नाही, कारण त्याच्यापर्यंत दोन्ही वेळा नुसता पाचच पोहोचतो. एकक राहते ते प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मनात, फार तर एखाद्या टिपेत. ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे नासाचे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापाशी नष्ट झाले ते यामुळेच. एका प्रणालीने आकडे पौंड-सेकंदांत दिले आणि दुसरीने ते न्यूटन-सेकंद समजून घेतले. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक, पण आकड्यांच्या अंगावर त्याची कोणतीच खूण नव्हती.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. मॅथेमॅटिका हे गणिती सॉफ्टवेअर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील पिंट यांसारख्या साधनांत संख्येबरोबर तिचे एककही चालते, आणि त्या एककामागे मिती असतात, म्हणजे लांबी, वस्तुमान, काळ इत्यादी सात मूलभूत राशींचे घातांक. वेगात लांबीचा घातांक १ आणि काळाचा उणे १. गुणाकारात घातांकांची बेरीज करायची आणि बेरजेपूर्वी ते जुळतात की नाही एवढे पाहायचे, की मीटरमध्ये सेकंद मिळवू पाहणाऱ्याला तिथेच अडवता येते. एफ-शार्प भाषेत तर ही तपासणी प्रोग्राम चालण्याआधीच, संकलनाच्या वेळी (म्हणजे प्रोग्रामचे यंत्राला कळेल अशा रूपात भाषांतर होताना) होते आणि नंतर एकके पुसली जातात, त्यामुळे प्रोग्रामच्या वेगाला झळ पोहोचत नाही.

या सुबक व्यवस्थेला पहिला सुरुंग लावते ते तापमान. २० अंश सेल्सिअसची दुप्पट किती, या प्रश्नाला ४० हे उत्तर सहज सुचते; पण केल्विनमध्ये मोजले तर २९३.१५ ची दुप्पट ५८६.३० होते, म्हणजेच ३१३.१५ अंश सेल्सिअस. पिंट अशा वेळी हिशेब करायचेच नाकारते, आणि ते योग्यच आहे. सेल्सिअसचा अंश खरे तर दोन भूमिका करतो. हवेचे तापमान २० अंश असेल तर ते ६८ अंश फॅरनहाइट. तापमान २० अंशांनी वाढले असेल तर ती वाढ ३६ अंश फॅरनहाइट. दोन तारखांची वजाबाकी केली की दिवस मिळतात, पण दोन तारखांची बेरीज कोणी करत नाही, तसेच हे आहे. म्हणून चांगल्या साधनांत तापमान आणि तापमानातील फरक यांसाठी दोन निराळी एकके ठेवावी लागतात.

आपल्याकडच्या ब्रासचीही तीच गत झाली असती: वाळू-खडीसाठी तो १०० घनफूट आणि काही कामांच्या मोजमापात १०० चौरस फूट. गवंडी आणि ठेकेदार यांना संदर्भाने कळते. प्रणालीत मात्र दोन ब्रास वेगळे नोंदवावे लागतील.

याहून अवघड जागा म्हणजे मिती जुळूनही अर्थ न जुळणे. पाना फिरवताना लागणारे टॉर्क, म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम, न्यूटन-मीटरमध्ये मोजतात आणि ऊर्जेचा जूल म्हणजेही न्यूटन-मीटरच. दोहोंची बेरीज निरर्थक, तरीही तपासणीला त्यात खोट दिसत नाही. सेकंदाला रेडियन (रेडियन हे कोनाचे एकक) आणि हर्ट्झ (सेकंदाला होणारी आवर्तने) यांच्यात २π चा, म्हणजे सुमारे ६.२८ पटींचा गुणक असतो, पण कोनाला मितीच नसल्यामुळे दोन्हींच्या मागे काळाचा उणे १ एवढाच घातांक उरतो. कोनाला स्वतंत्र मिती द्यावी, असे सुचवणारे आहेत. तसे केले तर कंसाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले कोन या साध्या सूत्रातही एक जादा स्थिरांक घालावा लागेल, आणि मग ज्या सूत्रांत कोन येतो त्या बहुतेक सगळ्यांना हात लावावा लागेल. म्हणून रेडियन मितीहीन ठेवण्याचा प्रचलित निर्णय, त्यातला धोका दिसत असूनही, मला पटतो.