दोन पिना

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्या बाई दोन वेगवेगळी खोकी घेऊन दुकानात आल्या. एकात रायफलचा खालचा भाग म्हणजे लोअर, दुसऱ्यात वरचा भाग म्हणजे अपर. नवऱ्याने तशीच ठेवली होती, वेगळ्या कपाटांत, म्हणून त्यांनीही आणताना एकत्र केली नाहीत. लोअर हातात घेतल्याबरोबर ओळखली. तिच्यावरचं नाव, गाव आणि राज्य मीच कोरलं होतं.

भोसरीच्या टूलरूममध्ये अकरा वर्षं काढून मी टेक्ससला आलो आणि आता एका बंदुकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत लेथ आणि एनग्रेव्हिंग बघतो. एआर जातीच्या रायफलचे दोन भाग असतात. चाप आणि कुंदा असलेला खालचा भाग म्हणजे लोअर. नंबर तिच्यावर असतो, त्यामुळे कायद्याच्या लेखी तीच बंदूक. नळी आणि तिचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट वरच्या भागात, म्हणजे अपरमध्ये. दोन पिना सारल्या की दोन्ही जुळतात, अर्धं मिनिटही लागत नाही.

नळी १६ इंचांपेक्षा किंवा पूर्ण लांबी २६ इंचांपेक्षा कमी भरली, तर त्या रायफलला इथे 'शॉर्ट बॅरल्ड' म्हणतात, आणि नोंदणीशिवाय ती बाळगली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग. कायदा १९३४चा. मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती. ती वगळली गेली, पण रायफल कापून पिस्तुलाएवढी करू नये म्हणून घातलेलं कलम तसंच राहिलं. तेव्हा मर्यादा १८ इंचांची होती, रायफलसाठी १९६०मध्ये ती १६वर आणली. मोजायची रीतही ठरलेली आहे. बोल्ट बंद करायचा, तोंडाकडून लाकडी दांडी आत सोडायची, ती बोल्टला टेकली की तोंडाशी खूण करायची. पुढे नुसता आट्यांवर फिरवलेला फ्लॅश हायडर, म्हणजे झाडतानाचा जाळ कमी करणारा तुकडा, धरायचा नाही. पिन मारून वर वेल्ड करावा तसा कायमचा बसवला असेल तरच तो नळीत मोजला जातो. बाईंच्या खोक्यातली नळी साडेअकरा इंच भरली.

नवऱ्याने सगळं रीतसर केलं होतं. अशी रायफल बनवायच्या परवानगीचा फॉर्म १, बोटांचे ठसे, फोटो, २०० डॉलर कर. (१ जानेवारी २०२६पासून हा कर शून्य झालाय, आणि कर गेला म्हणजे नियमही गेले असं समजणारी माणसं रोज काउंटरवर येतात. मला त्यांची काळजी वाटते.) मंजुरी आल्यावर तो लोअर घेऊन माझ्याकडे आला होता. अक्षरं किमान १/१६ इंच उंच, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत अर्धा सूत, आणि खोली किमान तीन थाउ, म्हणजे इंचाचे तीन हजारांश. मी चार थाउ घेतो, कारण ॲल्युमिनियमवर चढवलेला ॲनोडायझिंगचा थर नुसता खरवडला म्हणजे कोरलं असं होत नाही. मागच्या पिनेच्या भोकाच्या कडेला बारीक बर होता, यंत्रकामात राहून गेलेली धातूची टोकेरी कड. काढून देऊ का, विचारलं. तो म्हणाला, राहू दे, मुलगा आला की आम्ही दोघं मिळून करू. मुलगा सैन्यात, परदेशात तैनात.

बाईंनाही तेच सांगायचं होतं. "जोडलीच नाही त्यांनी. मुलाची वाट बघत होते." आता ती मुलाला द्यायची होती.

मालक म्हणाले, नोंद आहेच, वारसाचा फॉर्म ५ भरायला सांग. त्यावर कर कधीच नव्हता. पण गाठ इथेच होती. लोकांना वाटतं मंजुरीचा कागद आला की बंदूक शॉर्ट बॅरल्ड झाली. तसं नाही. कागद ही करायची परवानगी आहे. बंदूक तशी 'होते' ती छोटी नळी आणि कुंदा त्या लोअरवर एकत्र आल्यावर. ती झालीच नसेल तर वारशाने द्यायला शॉर्ट बॅरल्ड रायफल नाहीच. मग नुसती साधी लोअर, मुलाने स्वतःचा फॉर्म १ भरायचा, आणि माझ्या अक्षरांशेजारी त्याचं नाव कोरायचं.

नुसते सुटे भाग जवळ असणंही कधी कधी पुरतं. थॉम्पसन/सेंटर कंपनीच्या खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. पिस्तूल आणि त्याची रायफल करायचा संच एकाच खोक्यात विकला तर छोटी रायफल 'बनवली' का? निकाल कंपनीच्या बाजूने लागला, कारण त्या भागांचा कायदेशीर उपयोगही होता. ज्या भागांचा दुसरा काहीच उपयोग नाही त्यांची गोष्ट वेगळी. इथे दुसरा उपयोग होता. घरी त्याच जातीचं पिस्तूल होतं, आणि हे छोटं अपर त्यावर बिनदिक्कत बसलं असतं. त्यामुळे अपरवर झिजेच्या खुणा दिसल्या तरी त्या पिस्तुलाच्या असू शकत होत्या.

मालक म्हणाले, "कोण विचारणार आहे?" माणूस वाईट नाही, पण सह्या करताना कागदावरचा मजकूर खरा आहे का हे बघायची सवय त्यांना नाही. मी बाईंना थांबायला सांगितलं, दोन्ही भाग दिव्याखाली घेतले आणि दहापट भिंग लावलं.

अपरच्या मागच्या कानाला, उजव्या बाजूला, केसाएवढा सरळ ओरखडा होता, खाली रुपेरी ॲल्युमिनियम दिसत होतं. लोअरच्या कडेपासून त्या बरापर्यंतचं अंतर व्हर्नियरने घेतलं, मग ओरखड्याचं घेतलं. जुळलं. पिस्तुलाच्या लोअरला तो बर नव्हता. तो या एकाच लोअरला होता, आणि मी तो काढला नव्हता.

बाहेर येऊन सांगितलं की जोडली होती. म्हणजे ती शॉर्ट बॅरल्ड रायफल झाली होती, फॉर्म ५ खरा ठरतो, मुलाला मिळेल, वडिलांच्या नावासकट. वकिलाकडून भरून घ्या आणि मंजुरी येईपर्यंत तुमच्याच ताब्यात ठेवा, आमच्याकडे नको. मला वाटलं मी चांगली बातमी देतोय.

त्या बराच वेळ ओरखड्याकडे बघत राहिल्या. "किती वेळा?"

"खूण एकच आहे. बहुतेक एकदाच."

"कधी?"

ते धातू सांगत नाही, मी म्हणालो. इथपर्यंत जे बोललो ते सगळं मोजलेलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "झाडली होती का?"

चापाच्या खोबणीच्या कोपऱ्यात मी कापूस फिरवला होता, त्यावर फिकट करडी रेघ आली होती. दारूची काजळी असू शकते. माझ्याच कोरण्याची ॲल्युमिनियमची धूळही असू शकते. काम झाल्यावर मी हवा मारतो, पण त्या कोपऱ्यात अडकते. नळी स्वच्छ होती, पण तो माणूस नळी स्वच्छ ठेवणाराच होता. मी तो कापूस कचऱ्यात टाकला होता.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, दोन्ही खोकी बंद केली आणि एक उजव्या, एक डाव्या हातात घेऊन गाडीकडे गेल्या. त्या संध्याकाळी मी कचऱ्याच्या डब्यातून तो कापूस काढून पुन्हा भिंगाखाली धरला. करडाच होता.