उसाच्या वजनाचा निरोप कोणाच्या फोनवर येतो?

विकसनशील देशांतील माहिती तंत्रज्ञानाचा विषय निघाला की किती गावांत केबल पोहोचली आणि किती हातांत फोन आले, याचीच मोजदाद अधिक होते. उसाच्या पट्ट्यातील आमच्यासारख्या घरांत मात्र कारखान्याकडे उसाची नोंद लागली का, तोड म्हणजे ऊस कापून नेण्याची पाळी कधी मिळणार आणि वजन किती भरले, हे तीनच प्रश्न वर्षभर पुरतात, आणि तंत्रज्ञानाने त्यांची उत्तरे दिली का, यावरूनच मी त्याचे मोल ठरवते.

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरला १९९८ साली सुरू झालेला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प मला म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी संस्थांच्या आधाराने कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडायची, आणि पीकसल्ला, बाजारभाव, सरकारी योजना असे सारे काही गावातल्या केंद्रातच मिळावे, अशी ती कल्पना होती. प्रत्यक्षात त्या केंद्रांचा उपयोग झाला तो मुख्यत्वे उसाची नोंद, तोडणीचा परवाना, खताची उचल आणि वजनाचा हिशोब यांसाठी. कोणी याला अपयश म्हणेल. मला तसे वाटत नाही. तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटते, रान वेळेवर मोकळे होत नाही आणि पुढच्या पिकाचा हंगाम हातचा जातो. ज्याचे वर्षाचे उत्पन्न या एका तारखेवर अवलंबून आहे, त्याने संगणकाला आधी तीच तारीख विचारावी, यात नवल ते काय?

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी यातल्याच ७ गावांत ८ महिने एक प्रयोग केला. खेड्यातली वीज, बिघडणारी यंत्रे आणि तुटणारी जोडणी यांनी संगणक वारंवार अडत होते. त्यांच्या जागी साध्या एसएमएसवर चालणारी व्यवस्था बसवली, तर संगणकावरची सारी कामे तिने केली, तीही कमी खर्चात, आणि शेतकऱ्यांना ती अधिक सोयीची वाटली. केनियात २००७ साली सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेचीही गोष्ट अशीच आहे. तिथे लोक आधीपासूनच फोनचा टॉकटाइम एकमेकांना पाठवून त्याचा पैशासारखा वापर करत होते. गरज आणि सवय दोन्ही तयार होत्या, मोबाइल कंपनीने त्यांना वाट करून दिली.

परंतु निरोप पाठवला म्हणजे तो पोहोचला असे होत नाही, हे मी आमच्या घरात पाहिले आहे. काका गेल्यावर सव्वा एकर जमीन काकूंच्या नावावर झाली आणि ऊसही त्यांच्याच नावाने कारखान्याला जाऊ लागला. फोन नंबर मात्र पुण्यात नोकरी करणाऱ्या चुलतभावाचा नोंदवलेला होता. त्यामुळे ट्रॉली काट्यावर गेली की वजनाचा निरोप पुण्याला जायचा, आणि काकूंना आपला ऊस किती टन भरला हे संध्याकाळी त्याने आठवणीने फोन केला तरच कळायचे. नंबर बदलून घ्यायला कारखान्याच्या गट कार्यालयात ३ फेऱ्या झाल्या. दर वेळी त्यांना एकच विचारणा झाली, “मावशी, मुलाचा आहे की, तुम्हाला कशाला वेगळा पाहिजे?”

त्या प्रश्नाची मला आजही चीड येते. जमीन, घाम आणि कर्ज ज्या बाईच्या नावावर आहे, तिची माहिती दुसऱ्याच्या खिशात ठेवणे कोणालाच वावगे वाटत नाही, आणि यंत्रणा कितीही नवी असली तरी अर्जावरचा नंबराचा रकाना भरताना जुनाच घरकारभार चालतो.

गेल्या हंगामात अखेर नंबर बदलला. काकूंना अक्षरे सावकाश लागतात, आकडे मात्र पक्के येतात. पहिला निरोप आला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, ट्रॅक्टरवाल्याने आणलेली वजनाची पावती शेजारी धरली, आणि भरलेल्या ट्रॉलीच्या वजनातून रिकाम्या ट्रॉलीचे वजन वहीच्या मागच्या पानावर स्वतः वजा करून पाहिले. निरोपात केवळ निव्वळ वजन होते. बाकीचे दोन आकडेही त्यात यायला हवेत, असे त्या म्हणाल्या, आणि तसा अर्ज मी त्यांच्या नावाने लिहून दिला आहे.