नाबोथाचा मळा आणि आमचं रान

मिरज, शुक्रवार रात्र

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातली, चर्चमधली शुक्रवारची उपासना. उकाडा आत्तापासूनच सुरू झालाय, पंखे नुसतेच फिरत होते. वाचन होतं बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायाचं, म्हणजे अहाब राजा आणि नाबोथाचा द्राक्षमळा. पाळकसाहेबांनी प्रवचन मात्र आजकालच्या मूर्तींवर नेलं. मोबाइल, रील्स, ब्रँडेड बूट, हप्त्यावरच्या गाड्या. माझ्या रांगेतल्या सगळ्या माना हलत होत्या. हलणारच, या मूर्ती पोरांच्या आहेत. पन्नाशी ओलांडलेल्यांच्या मूर्तींचं नाव कुणी घेतलं नाही. मळ्याची गोष्ट वाचून झाल्यावर सात-बाऱ्याचा विषय निघू नये, हे द्राक्षांच्या तासगावच्या एवढ्या जवळ राहून जरा नवलच.

आमच्यात मूर्ती म्हटलं की नजर पटकन शेजाऱ्याच्या घराकडे वळते. लहानपणी दहा आज्ञा पाठ करताना मला वाटायचं, दुसरी, मूर्ती करू नको ही आज्ञा पलीकडच्या गल्लीसाठी आहे, आपण सुटलो. पण ‘मूर्तींपासून स्वतःला दूर राखा’ असं योहानानं लिहिलं ते विश्वासणाऱ्यांना. पौलानं लोभाला मूर्तिपूजा म्हटलं तेही कलस्सैच्या मंडळीला. आपल्या नावावर आलेली पत्रं आपण शेजाऱ्याच्या दारात टाकून येतो.

तर अहाब. राजवाड्याला लागून असलेला मळा त्याला भाजीच्या बागेसाठी हवा होता. बदल्यात चांगला मळा देतो म्हणाला, नाहीतर रोख पैसे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. राजा घरी येऊन तोंड फिरवून निजला, जेवेना. मग त्याची राणी ईजबेल हिनं पत्रं धाडली, खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार झाली आणि मळा मिळाला. पुढचा भाग आज मला नव्यानं दिसला. एलीया संदेष्ट्यानं तोंडावर सुनावल्यावर अहाबानं कपडे फाडले, अंगाला गोणपाट गुंडाळलं, उपास केला, मंद पावलांनी चालू लागला. देवानं त्याचं नमणं पाहिलं आणि शिक्षाही पुढच्या पिढीवर ढकलली. म्हणजे पश्चात्ताप अगदीच खोटा नसावा. पण अख्ख्या अध्यायात मळा परत केल्याचं एक अक्षर नाही. नाबोथाची मुलंबाळं असली-नसली तरी गोत्र तर होतंच. गोणपाट नेसून राजा चालत होता तो बहुतेक त्याच मळ्यातून.

इथून पुढे प्रवचनात माझं लक्ष राहिलं नाही.

आमचं रान आजोबांनी घेतलं. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या दवाखान्यात पुढे आजोबा कंपाउंडर म्हणून लागले. पगारातले पैसे बाजूला टाकून त्यांनी तासगाव भागात जमीन घेतली. आधी ज्वारी, मग विहीर, वडिलांच्या काळात द्राक्षं, आता बेदाणा. घरात देव्हारा नाही, पण पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांवर सात-बारा ठेवलेला असतो. ट्रंक उघडताना वडील आवाजसुद्धा खाली आणायचे.

आजोबा मृत्युपत्र न करता गेले, आजी त्यांच्या आधीच गेलेली. आपल्याला लागू आहे तो १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. वडील आणि आत्या, निम्मं-निम्मं. मग आत्यानं हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी धमकावलं नाही, फसवलं नाही. चहा झाला, वडिलांनी साडी दिली, बस. ‘माहेर तुटू नये’ म्हणून बहिणी सह्या करतात, हे सांगायला वकील लागत नाही. ख्रिस्ती घरांत वेगळं होत असेल असं मला तरी दिसलेलं नाही. कागद नोंदवलेला आहे, कायद्यानं विषय संपला. आज ते रान आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे.

नाताळात आम्ही आत्याला बेदाण्याचं पाकीट देतो. ती ते कपाळाला लावून घेते. तिच्याच रानातला बेदाणा.

घरी येऊन लूकच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय काढला. जक्कय हा यरीहोतला मुख्य जकातदार, पैसेवाला, बुटका, उंबराच्या झाडावर चढलेला. मोशेच्या नियमशास्त्रात भरपाई मुद्दल अधिक पाचवा हिस्सा अशी सांगितली आहे, ‘गणना’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात. जक्कय चौपट म्हणाला, आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, ती वेगळीच. त्याच्या पश्चात्तापात आकडा आहे. आमच्या रविवारच्या पापांगीकारात सगळं आहे, विचार, शब्द, कृती, आकडा तेवढा नाही.

पण नुसता आकडा धरला तर माझा पुन्हा परूशी होईल, म्हणजे नियमांचा नुसता हिशेब ठेवणारा. अहाबाकडे एलीया आला तो न्याय घेऊन. जक्कयाला येशू म्हणाला, खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. तोवर जक्कयानं काहीच कबूल केलं नव्हतं, एक नाणं परत केलं नव्हतं. आधी पाहुणा घरात आला, हिशेब नंतर निघाला. त्याची मूठ धाकानं सुटली नाही. हातात घ्यायला दुसरं काहीतरी मिळालं, म्हणून सुटली. माझी का सुटत नाही, याचा विचार केला तर उत्तर फारसं सुखाचं नाही. प्रभुभोजनाला मी जातो, पण म्हातारपणासाठी भरवसा कशावर आहे? शाळामास्तराचं निवृत्तिवेतन, आणि ते रान. गेल्या वर्षी बाजूनं रस्ता रुंद होणार अशी बोलवा उठली, तेव्हा गुंठ्याचा भाव मी प्रार्थनेच्या आधी बघत होतो.

हिला सांगितलं. ती म्हणाली, ‘आत्या घेणार नाहीत.’ खरं आहे, नाहीच घेणार बहुधा. पण ‘ती घेणार नाही’ हे आपण तिला न विचारताच वापरत आलोय.

निम्मं रान परत तिच्या नावावर करायचं तर बक्षीसपत्र, मुद्रांक, तलाठ्याकडची फेरफार नोंद, बरंच आहे. शिवाय धाकट्याची सही. तोच रान बघतो. औषधं, मजूर, अवकाळीची धास्ती, सगळं त्याच्या डोक्यावर. त्याच्या घामाचा हिशेब वेगळा धरावा लागेल, नाहीतर माझा पश्चात्ताप त्याच्या खिशातून व्हायचा.

साडेनऊला फोन केला. तो शेडवर होता, माल रॅकवर टाकलेला. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, त्यात ढग आले की झोप नाही. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, ‘दादा, उपवासकाळात तुला दरवर्षी काहीतरी सुचतं. ईस्टर होऊ दे, मग बोलू.’

मी म्हटलं, ‘ईस्टरनंतर सौद्याचे पैसे आलेले असतील. आधीच बोलू.’

थोडा वेळ नुसता पंप ऐकू येत होता. मग म्हणाला, ‘रविवारी ये. ट्रंक घेऊन ये. आणि आत्याला आत्ताच काही बोलू नकोस, पहिल्यांदा माझ्या बायकोशी बोल.’