कोण कोणाचा कोड स्कॅन करतं?

क्यूआर कोडमध्ये पैसे नसतात, नुसता मजकूर असतो. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. पैसे हलवतं ते ॲपमागचं बँकांचं जाळं. त्यामुळे कुठल्याही देशात पहिल्यांदा कोडने पैसे देताना तीनच गोष्टी बघाव्यात: कोड कोण दाखवतो, रक्कम कोण टाकतो आणि पैसे पोचल्याचं दुकानदाराला कसं कळतं. बहुतेक घोटाळे याच तीन जागी होतात.

चीनमधल्या मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक आपला कोड दाखवतं आणि कॅशियर तो स्कॅन करतो. अलीपे किंवा वीचॅट या तिथल्या ॲपमधला हा कोड म्हणजे १८ अंकी आकडा, तो साधारण मिनिटाभरात बदलतो. वर उभ्या रेघांचा बारकोडही असतो, कारण जुन्या लेझर स्कॅनरना चौकोनी कोड वाचता येत नाही. रक्कम कॅशियर टाकतो, आणि छोट्या रकमेला पिन न विचारताही पैसे कापले जाऊ शकतात. म्हणूनच या कोडचा स्क्रीनशॉट किंवा ते १८ अंक कोणालाही पाठवू नयेत. ‘खातं तपासायचंय, आकडा सांगा’ असं म्हणणारा ठग तो मिनिट संपायच्या आत पैसे काढून मोकळा होतो.

याउलट भिंतीवर चिकटवलेला कोड. तो कायम तोच राहतो, रक्कम गिऱ्हाईक टाकतं. त्यावर दुसरा स्टिकर चिकटवला की पैसे भलत्याच खात्यात जातात. चीनच्या मध्यवर्ती बँकेने एप्रिल २०१८ पासून अशा छापील कोडवरून होणाऱ्या खर्चाला दिवसाला ५०० युआनची मर्यादा घातली, ती याच धोक्यापायी. दुकानदाराला उपाय सोपा आहे: रोज दुकान उघडलं की आपलाच कोड स्कॅन करून नाव बघायचं. गिऱ्हाइकानेही रक्कम टाकण्याआधी ॲपवर आलेलं नाव वाचावं. मात्र पाटीवरचं नाव आणि खात्याचं नाव वेगळं असू शकतं, तेव्हा शंका आली तर सरळ विचारावं.

खात्रीचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तो प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवलाय. भारतात स्पीकरचा डबा रक्कम मोठ्याने सांगतो, त्यामुळे दुकानदाराला हातातलं काम सोडून फोन बघावा लागत नाही. थायलंडमध्ये गिऱ्हाईक बँकेच्या ॲपमधली पावती दाखवतं. खोट्या पावत्या बनवणं सोपं, म्हणून तिच्यावर एक छोटा क्यूआर असतो. तो स्कॅन केला की व्यवहार खरा की बनावट ते तपासता येतं, पण घाईत तेवढं करतो कोण? केनियात २००७ पासून चालणाऱ्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे देण्याच्या सेवेला तर कोडची गरजच नाही. दुकानाला पैसे घेण्यासाठी मिळालेला क्रमांक, म्हणजे टिल नंबर, साध्या फोनवरही टाकता येतो आणि दोघांना एसएमएस येतो. खोटे एसएमएस तिथेही फिरतात. तिन्हीकडे नियम एकच: गिऱ्हाइकाच्या फोनवर जे दिसतं तो पुरावा नव्हे, आपल्या खात्यात जमा झालेलं दिसलं तरच माल द्यावा.

पिक्स ही ब्राझीलची बँक खात्यांतून लगेच पैसे पाठवण्याची सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली आणि तिने एक गमतीदार अडचण सोडवली. फोनवरच खरेदी करताना त्याच फोनच्या पडद्यावरचा कोड त्याच कॅमेऱ्याने स्कॅन कसा करणार? म्हणून कोडमधला सगळा मजकूर कॉपी करून बँकेच्या ॲपमध्ये पेस्ट करायची सोय ठेवली.

तो मजकूर वाचण्यासारखा असतो. कार्ड कंपन्यांच्या ईएमव्हीको या संस्थेने ठरवलेला हा मजकुराचा आराखडा ब्राझील, थायलंड, सिंगापूर, इंडोनेशिया अशा बऱ्याच ठिकाणी चालतो. सुरुवात ०००२०१ ने. पुढे ०१०२११ असेल तर कोड कायमचा, ०१०२१२ असेल तर एका व्यवहारापुरता. ५३ क्रमांकाच्या रकान्यात चलन (थाई बाटसाठी ७६४), ५४ मध्ये रक्कम, ५९ मध्ये दुकानाचं नाव, तेही जास्तीत जास्त २५ अक्षरं. शेवटी ६३ मध्ये पडताळणीची चार अक्षरं. मधलं एक अक्षर जरी बदललं तरी ही चार जुळत नाहीत आणि ॲप कोड नाकारतं. पेस्ट करताना शेपूट तुटलं तर तेच होतं.

आराखडा सारखा म्हणून परदेशी ॲप चालेलच असं नाही. २६ ते ५१ या रकान्यांत कोणतं जाळं वापरायचं ते लिहिलेलं असतं. तुमच्या बँकेचा त्या जाळ्याशी करार नसेल तर कोड नीट वाचूनही पैसे जात नाहीत. प्रवासाला निघण्यापूर्वी बँकेला नेमकं हेच विचारावं, आणि ॲपमध्ये परदेशी व्यवहाराची सोय वेगळी सुरू करावी लागते का तेही.

स्वित्झर्लंडची तऱ्हा निराळी. तिथे क्यूआर येतो तो पोस्टाने आलेल्या बिलावर: ४६ मिलिमीटरचा चौकोन, मध्ये ७ मिलिमीटरचा स्विस क्रॉस. ऑक्टोबर २०२२ पासून बिल भरायच्या जुन्या छापील स्लिपा बंद झाल्या. क्रॉस कोडचा थोडा भाग झाकतो तरी वाचायला अडत नाही, कारण मजकूर दुरुस्त करण्याची क्षमता कोडमध्येच असते. तिच्या चार पातळ्या आहेत: एल पातळीला सुमारे ७ टक्के, एमला १५, क्यूला २५, एचला ३०. क्रॉसने व्यापलेली जागा जेमतेम सव्वादोन टक्के. आपल्या कोडमध्ये भलामोठा लोगो घालणाऱ्यांनी हे गणित जरूर करावं. लोगोने ही दुरुस्तीची सूट खाल्ली की ओरखडे आणि डागांसाठी काही उरत नाही.

छपाईत चुका होतात त्या साध्याच. कोड ज्या बारक्या काळ्या-पांढऱ्या चौकटींचा बनतो, तशा किमान चार चौकटींएवढी कोरी जागा चारही बाजूंना लागते, आणि डिझायनर नेमकी तीच कापतो. मजकूर लांबला की चौकटी बारीक होतात: कडेच्या कोऱ्या जागेसह ५ सेंटिमीटरमध्ये एका बाजूला २९ चौकटी असलेला कोड बसवला तर एक चौकट सुमारे १.३५ मिलिमीटरची, ५७ चौकटींचा बसवला तर पाऊण मिलिमीटरची. अंतराचा ढोबळ हिशेब दहास एक, म्हणजे अर्ध्या मीटरवरून स्कॅन करायला ५ सेंटिमीटरचा कोड. चकचकीत लॅमिनेशन टाळावं, दिव्याची तिरीप कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनावर पडली की कॅमेऱ्याला कोड सापडतच नाही. काळ्यावर पांढरा कोड दिसायला झोकदार, पण काही ॲप तो वाचत नाहीत.

राहता राहिला अडकलेला व्यवहार: खात्यातून पैसे गेले, दुकानदाराकडे काहीच नाही. लगेच दुसऱ्यांदा देऊ नये. आधी व्यवहार क्रमांक टिपून ठेवावा आणि ॲपमध्ये स्थिती ‘प्रलंबित’ आहे की ‘अयशस्वी’ ते बघावं. प्रलंबित असताना पुन्हा दिले तर दोन्ही व्यवहार पूर्ण होऊ शकतात. भारतात यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे असे अडकले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई असते. ती खात्यात आली नाही तर बँकेकडे तक्रार करताना तोच टिपलेला क्रमांक द्यायचा.