मळ्यातल्या घराला ट्रॅक्टरचा करंट

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला ज्यांची घरे आहेत, त्यांना पावसाळा काय असतो ते सांगायला नको. एकदा झड लागली की आठ-आठ दिवस उघडीप नाही. लाईन रानातून आलेली. कधी फांदी तारेवर येते, कधी आख्खे झाड, कधी खांबच कलतो. लाईनमन भर पावसात, गुडघाभर चिखलातून फिरून बिघाड शोधतात, त्यांच्या कष्टाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आमचे घर गावात नाही, मळ्यात आहे, आणि तेही लाईनच्या अगदी शेवटाला. गावात करंट आला तरी आमच्याकडे यायला आणखी वेळ लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वाट बघायची, हे आम्ही धरूनच चालतो.

घरात इन्व्हर्टर आहे, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा. दिवे, पंखा, मोबाईल आणि आईचा नेब्युलायझर एवढ्यावर पहिली रात्र निघते. आईला दमा आहे आणि तो जोर धरतो नेमका पावसाळ्यातच, त्यामुळे बॅटरी उतरायला लागली की घरात सगळ्यांची नजर त्या इन्व्हर्टरच्या दिव्याकडे. गोठ्याचा प्रश्न याहून मोठा. जनावरांना पाणी बोअरचे, त्यावर तीन एचपीची थ्री फेज मोटार. कडबाकुट्टी दोन एचपीची, शिवाय दूध काढायचे मशीन. यातले काहीच इन्व्हर्टरवर चालत नाही. कर्नाटकात दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट आहे, घरालाही गृहज्योती योजनेमुळे सरासरी वापराच्या मर्यादेत, जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत, बिल येत नाही. बिलाची काळजी सरकारने घेतली, पण झाड पडल्यावर तार तुटायची ती तुटतेच.

पेट्रोलवरचा छोटा जनरेटर बघितला. दोन-तीन केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचे माप), सिंगल फेज. तो बोअरची थ्री फेज मोटार उचलू शकत नाही. इंजिनासकट डिझेल जनरेटर घ्यायचा तर काही लाख घालायचे आणि वर्षातले नऊ-दहा महिने तो शेडमध्ये गंजत ठेवायचा. दारात ४० एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर उभा असताना दुसरे इंजिन कशाला, असे आप्पांचे म्हणणे पडले आणि ते मला पटले. ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओला, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या फिरत्या दांड्याला, अल्टरनेटर जोडायचा; अल्टरनेटर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेला जनरेटरच. पीटीओ फिरतो मिनिटाला ५४० फेऱ्यांनी. चार चुंबकीय पोलच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झ द्यायला १५०० फेरे लागतात. म्हणजे मधे साधारण पावणेतीन पट वेग वाढवणारा गिअरबॉक्स हवा. बेळगावच्या उद्यमबागेत हे काम करणारे आहेत. गिअरबॉक्स आणि अल्टरनेटर एका लोखंडी फ्रेमवर बसवून घेतले. फ्रेमला ट्रॅक्टरच्या तीन पॉइंटच्या पिना बसतात, नांगर जोडावा तसे जोडता येते.

किती केव्हीएचा घ्यायचा याचा हिशेब मी वायरमनबरोबर बसून केला, आणि तो इथे सविस्तर सांगतो, कारण दुकानात हे कोणी समजावत नाही. आम्ही १५ केव्हीए थ्री फेज घेतला. पण थ्री फेज १५ केव्हीए म्हणजे एका फेजवर पाचच केव्हीए, साधारण २१ अँपिअर. आख्खे घर आणि गोठा एकाच फेजवर टाकला आणि वर कडबाकुट्टी चालू केली, तर बाकीचे दोन फेज मोकळे असूनही तो एक फेज दबणार. म्हणून घर एका फेजवर, गोठा दुसऱ्यावर, बोअरची मोटार तिन्हींवर अशी वाटणी केली. मोटार सुरू होताना चालू करंटाच्या पाच-सहा पट करंट ओढते. तीन एचपीची मोटार चालताना पाचेक अँपिअर घेते, पण सुरू होतानाच्या त्या क्षणाला २५-३० अँपिअर. त्यामुळे आधी बोअर चालू करायचा, ती लयीला लागली की मग बाकीचे, हा नियम घरात सगळ्यांना पाठ आहे. ट्रॅक्टरच्या बाजूने बघितले तर पूर्ण लोडला २० एचपीच्या आसपास ताकद शाफ्टवर लागते. आमच्या ट्रॅक्टरला ते जड नाही.

इथपर्यंत सगळे बाजारात मिळते. खरे काम पुढचे, आणि त्यावरच घरादाराचा आणि परक्या माणसाचाही जीव अवलंबून आहे. जनरेटरचा करंट घरात कुठून आणायचा?

आमच्या भागात काही ठिकाणी दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करतात आणि घरातल्या सॉकेटमध्ये खुपसतात. मेन स्विच पाडायचा राहिला, तर तो करंट मीटरमधून उलटा लाईनवर जातो. तिथून टीसीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये. जो टीसी ११ हजार व्होल्टचे आपल्याला वापरण्याजोगे करून देतो, तोच उलट्या बाजूने करंट मिळाला की आपल्या २३० व्होल्टचे वरच्या तारांवर हजारोंत करतो. त्याच वेळी कुठेतरी रानात, लाईन बंद आहे या भरवशावर एक माणूस खांबावर चढलेला असतो. हे मला सेक्शन ऑफिसातल्या लाईनमनने सांगितले, जो आमच्याकडे बरीच वर्षे येतो. जनरेटर घेणार म्हणून कानावर घातले तर तो एवढेच म्हणाला, "घ्या की ओ, पण चेंजओव्हर बसवल्याशिवाय चालू करू नकासा. वर आम्ही असतोय."

चेंजओव्हर म्हणजे तीन जागांची मूठ: एकीकडे लाईन, मधे बंद, दुसरीकडे जनरेटर. दोन्ही एकाच वेळी जोडलेच जाऊ शकत नाहीत, कारण आतले पातेच एक आहे, ते एका बाजूला बसले की दुसरी सुटलेलीच. माणसाच्या आठवणीवर काही सोडायचे नाही, हा त्याचा खरा गुण. आमच्याकडे तीन बसवले. घराला आणि गोठ्याला दोन पोलचा एकेक, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. मोटारीला चार पोलचा, कारण मोटारीचे कनेक्शन वेगळे, मीटर वेगळा, तिच्यावर लाईन कधी येते-जाते त्याचा घराशी संबंध नाही. एक धोका वायरमनने वेगळा दाखवला. जनरेटरवर असताना घर आणि गोठा वेगवेगळ्या फेजवर असतात, दोघांच्या मधे ४१५ व्होल्ट. घरातून गोठ्यात एक्स्टेन्शन बोर्ड ओढायचा नाही, ही सूचना तेव्हापासून गोठ्याच्या दाराशी रंगवून ठेवली आहे.

न्यूट्रलचे आणखी एक. चेंजओव्हर जनरेटरवर टाकला की लाईनचा न्यूट्रल सुटतो, आणि टीसीजवळ त्याला असलेले अर्थिंगही त्याच्याबरोबर सुटते. म्हणून जनरेटरचा न्यूट्रल जागेवरच अर्थला जोडावा लागतो. ते नसेल तर शॉक लागताना पडायला हवा तो आरसीसीबी (करंटाची गळती ओळखून लाईन तोडणारा स्विच) पडतच नाही, बसवलेला असून नसल्यासारखा. आम्ही शेडच्या मागे जीआय पाईप पुरून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केले. पावसात माती भिजलेली असल्याने ते चांगलेच असते, पण उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायला विसरायचे नाही. शेडपासून घरापर्यंत आर्मर्ड केबल जमिनीखालून नेली, पॅनेलला जादा करंटाला पडणारा एमसीबी, व्होल्ट आणि हर्ट्झ दाखवणारा मीटर. केबल, तीन चेंजओव्हर, पॅनेल, अर्थिंग आणि लायसन असलेल्या वायरमनची मजुरी मिळून अल्टरनेटरच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे यावर गेले. ते मला अजिबात जड वाटले नाहीत. ज्याला हा खर्च परवडत नसेल त्याने इन्व्हर्टरवर भागवावे, पण दोन प्लगची वायर करू नये, असे मी गावात उघड सांगतो.

पहिल्यांदा चालवायला मुद्दाम असा दिवस धरला की दुरुस्तीसाठी लाईन बंद होती. लाईनमनलाही बोलावले. ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. पीटीओ कमी वेगावर टाकून मग हाताच्या ॲक्सिलेटरने हळूहळू वाढवत नेले. डोळा मीटरवर. ४६, ४८, ५०, आणि बिनलोडचे ५२ वर ठेवले. कारण लोड आला की इंजिन थोडे बसते आणि आकडा आपोआप पन्नासच्या आसपास येतो. बिनलोडला पन्नासवर ठेवले तर लोडखाली फार खाली जातो आणि मोटारी तापतात. बोअर चालू केली. ट्रॅक्टरचा आवाज एकदम भरून आला, धुराचा काळा झोत निघाला, आकडा ४७ ला गेला आणि दोन-तीन सेकंदांत वर येऊन थांबला. टाकीत पाणी पडायला लागले. मग घर, मग गोठा.

लाईनमन मात्र पाण्याकडे बघत नव्हता. तो मीटरच्या बोर्डापाशी होता. जनरेटर पूर्ण लोडवर चालू असताना त्याने टेस्ट लॅम्पची एक पिन लाईनकडून येणाऱ्या वायरीला आणि दुसरी न्यूट्रलला लावली. बल्ब पेटला नाही. मग एक पिन अर्थला लावून बघितली. तेव्हाही नाही. मग मोटारीच्या मीटरवर जाऊन तेच, एकेका फेजवर. एवढे झाल्यावर त्याने चहा घेतला.

चालवताना दोन गोष्टींची भीती मी कधीच कमी होऊ देत नाही. पहिली पीटीओ शाफ्ट. ५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला नऊ. टॉवेलचे टोक, लुगड्याचा पदर, रेनकोटची दोरी, काहीही एकदा त्याला लागले की हात आखडायला वेळच मिळत नाही. शाफ्टवर प्लॅस्टिकचे कव्हर आहे आणि त्याची साखळी फ्रेमला अडकवलेली असते, म्हणजे आतला शाफ्ट फिरला तरी कव्हर फिरत नाही. नवीन शाफ्ट घेताना ते कव्हर ओझे म्हणून काढून टाकणारे मी बघितले आहेत. आमच्याकडे त्याशिवाय दोन्ही बाजूंनी आडवे बांबू बांधतो आणि चालू असताना पोरांना शेडमध्ये पाय ठेवायला बंदी आहे. दुसरी भीती धुराची. बाहेर पाऊस कोसळतोय म्हणून ट्रॅक्टर बंद खोलीत किंवा गोठ्यात लावून चालवायचा मोह होतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, माणसाला कळतही नाही. आमचे शेड नुसत्या पत्र्याचे, चारी बाजूंनी उघडे, आणि आईच्या खोलीच्या खिडकीपासून लांब.

डिझेल हलक्या लोडला ताशी अडीच लिटरच्या आसपास जाते. डिझेल लिटरला नव्वदच्या आसपास, म्हणजे तासाला सव्वादोनशे रुपये. दिवसभर चालवायची ही चीज नव्हे. सकाळी धारेच्या वेळी आणि संध्याकाळी असे दोनदा चालवतो. तेवढ्या वेळात टाकी भरते, कुट्टी होते, दूध निघते, फ्रीज थंड होतो. इन्व्हर्टरची बॅटरी दोन तासांत पूर्ण भरत नाही, पण ३० अँपिअर-अवर जरी आत गेले तरी एलईडी दिवे आणि नेब्युलायझर यावर रात्र निभावते. दोन्हींची जोडी असल्यामुळेच हे परवडते. एकट्या ट्रॅक्टरवर रात्रभर दिवे जाळणे म्हणजे निव्वळ डिझेलची नासाडी.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. जुलैत करंट जातो तेव्हाच भाताची चिखलणी असते, आणि ट्रॅक्टर केजव्हील, म्हणजे चिखलातली लोखंडी जाळीची चाके, लावून शेतात. संध्याकाळी दमलेल्या ट्रॅक्टरला धुऊन, केजव्हील उतरवून, मागचा रोटाव्हेटर काढून अल्टरनेटरची फ्रेम जोडायची, सकाळी परत उलटे. दोघे असले की काम होते, एकट्याला पावसात पिना जुळवणे फार कष्टाचे आहे. फ्रेमला खाली चाके बसवून ती सिमेंटच्या कोब्यावर सरकवता येईल अशी केल्यापासून थोडे सोपे झाले. पण ज्यांचा ट्रॅक्टर हंगामात भाड्याने बाहेर असतो, त्यांनी हा विचार करून मगच यात पडावे.

माझ्या मावसभावाला आता हेच करायचे आहे. त्याचे घर उचगावच्या बाजूला. बोअर नाही, नळाचे पाणी, जनावरेही नाहीत, हंगामात रताळी आणि भात. त्याला मी सांगितले की थ्री फेजच्या नादी लागू नको. फ्रीज, मिक्सर, दिवे आणि अर्ध्या एचपीची पाणी चढवायची मोटार एवढ्यासाठी पाच केव्हीए सिंगल फेज पुरतो, तो कमी एचपीच्या ट्रॅक्टरवरही चालतो, आणि चेंजओव्हर एकच लागतो. तो आधी बसवून घे, वायरमन आमच्याकडचाच पाठवतो, अल्टरनेटर बघायला मग उद्यमबागेत आपण दोघे जाऊ.