साडेसातचे अर्थशास्त्र

बी.ए.च्या पहिल्या वर्षी, म्हणजे 2023-24 साली, आमच्या कॉलेजच्या वेळापत्रकात अर्थशास्त्राचा तास सकाळी साडेसातचा होता. कॉलेज बेळगावात टिळकवाडीकडे आणि मी खानापूर तालुक्यात नंदगडच्याही पलीकडची. त्यामुळे हा तास गाठायचा तर गावात वस्तीला आलेली गाडी पहाटे सुटते तीच पकडावी लागे, कारण तिच्यामागची गाडी बेळगावात पोहोचेपर्यंत दुसरा तास सुरू झालेला असे. केवळ झोपेचे खोबरे होण्यापुरता हा विषय असता तर त्यावर लिहिण्यासारखे काही नव्हते. परंतु वर्गात जे शिकवले जायचे, ते वर्गापर्यंत पोहोचण्याच्या खटाटोपात आमच्यापुरते आधीच घडून गेलेले असे. खर्च कशाला म्हणायचे आणि तो कोणाच्या नावावर मांडायचा, हे मला त्या पेपरने जितके शिकवले तितके पुढच्या कोणत्याच पेपरने शिकवले नाही.

वेळ साडेसातचीच का, याला कारण होते. इमारत एकच, सकाळी पदवीचे वर्ग आणि नंतर पी.यू.चे, म्हणजे अकरावी-बारावीचे. शिवाय आमच्या वर्गातील बरीच मुले दुपारी कामावर जात. कोणी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये, कोणी खडेबाजारात कापडाच्या दुकानात, कोणी वडगावात घरच्या मागावर. या मुलांना सकाळचे कॉलेज म्हणजे पदवी आणि पगार दोन्ही सांभाळण्याची एकमेव वाट होती. फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला जाणारा एक वर्गमित्र नेहमी शेवटच्या बाकावर, डोळे कसेबसे उघडे ठेवून बसे. तास नऊला व्हावा म्हणून आम्ही अर्ज करायचा विचार करत होतो, तेव्हा त्यालाही सही मागितली. तो म्हणाला, “नऊला केला तर मला कॉलेजच सोडावं लागेल.” तो अर्ज तिथेच राहिला. सकाळच्या तासाविरुद्ध बोलणाऱ्यांनी हा मुलगा डोळ्यांसमोर ठेवूनच बोलावे, असे मला अजूनही वाटते.

पहिल्याच आठवड्यात सरांनी ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी 1932 साली केलेली अर्थशास्त्राची व्याख्या सांगितली: गरजा अनेक, साधने मर्यादित, आणि त्या साधनांना पर्यायी उपयोग असल्यामुळे माणसाला निवड करावी लागते. मग संधी खर्चाकडे, म्हणजे एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते तिच्या किमतीकडे, वळून त्यांनी एकेकाला उभे करून विचारले, “इथं येण्यासाठी तुम्ही आज काय सोडून आलात?” शहरातील मुलांचे उत्तर एकच होते, झोप. आमच्या बाजूच्या मुलींची उत्तरे मात्र लांबत गेली. माझ्या घरी सकाळची धार माझ्याकडे होती. म्हशी पिळून, दूध किटलीत ओतून, ते वेळेत डेअरीला घालणे हे काम मी दहावीपासून करत होते. डेअरीवर फॅट बघून दर मिळतो, आणि दूध संकलनाची गाडी निघून गेली की त्या वेळचे दूध घरातच राहते, म्हणून त्या कामात उशीर चालत नाही. कॉलेज सुरू झाल्यावर ते काम आईकडे गेले. सरांना मी तेवढेच सांगितले. त्यांनी फळ्यावर लिहिता लिहिता थांबून विचारले, “मग या तासाचा संधी खर्च कोण भरतंय? तुम्ही की तुमची आई?” पाठ्यपुस्तकात निवड करणारा आणि किंमत मोजणारा हा एकच माणूस असतो. आमच्या घरात निवड माझी होती आणि पहाटेचा तासभर आईचा जात होता.

त्या वर्षी या प्रश्नाला आणखी एक धार होती. 11 जून 2023 पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजना लागू झाली आणि राज्यातील महिलांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास सुरू झाला. म्हणजे आमचे कॉलेज आणि ही योजना साधारण बरोबरच सुरू झाली. कंडक्टर “आधार तोरसरी” (आधार दाखवा) म्हणत पुढे येई, कार्ड बघे आणि यंत्रातून तिकीट काढून हातात देई. त्यावर प्रवासाचे अंतर, थांबे सगळे छापलेले आणि रकमेच्या जागी शून्य. फुकटच आहे तर तिकीट कशाला, असे बायका सुरुवातीला म्हणत, पण कंडक्टर तिकीट दिल्याशिवाय सोडत नसे, कारण त्या तिकिटांच्या हिशेबावरच सरकार महामंडळाला पैसे देते. सरांनी एके दिवशी आम्हाला ती तिकिटे बाहेर काढायला सांगितली. कोणाच्या पर्समध्ये, कोणाच्या वहीत, चुरगळलेले कागद निघाले. कागदावर शून्य असले तरी डिझेल, टायर, कंडक्टरचा पगार हे काही शून्य झालेले नाही, ते कराच्या रूपाने दुसरीकडून वसूल होते, हा त्या दिवसाचा पाठ. तो आम्हाला पटला, पण त्यात एक गोष्ट राहून गेली होती आणि ती गाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्यांनाच दिसण्यासारखी होती.

किंमत शून्यावर आली की मागणी वाढते, हे पहिल्या सत्रातील पहिले प्रकरण. जागा मात्र तेवढ्याच राहिल्या. पैशाने जागा मिळत नसेल तेव्हा ती कशाने मिळते, हे पाहायचे असेल तर सोमवारी सकाळी खानापूरच्या स्टँडवर उभे राहावे. गाडी फलाटाला लागण्याआधीच खिडक्यांतून रुमाल, ओढण्या, दप्तरे, एकदा तर चपलेचा एक पाय सीटवर येऊन पडलेला मी पाहिला आहे. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा कायदा कोणत्याही परिवहन महामंडळाने केलेला नाही, तरी तो सगळे पाळतात. किमतीऐवजी रांग, ओळख, दांडगाई आणि लवकर उठणे यांनी वाटप होते. आणि ज्यांच्याकडे यांतील काही नसते ते दारात लोंबकळतात. पास काढून येणाऱ्या मुलांची तक्रार अशी की आम्ही पैसे भरून उभे आणि तुम्ही फुकटात बसलेल्या. त्यातील काही जण शेवटी वडापने, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या खासगी गाडीने, येऊ लागले. वडापवाल्यांचे बायकांचे गिऱ्हाईक त्याच सुमारास बसकडे गेले होते, तेव्हा एका बाजूने गेलेले थोडेफार दुसऱ्या बाजूने भरून आले असेल. पर्यायी वस्तूंचे प्रकरण शिकताना सरांना चहा आणि कॉफीचे उदाहरण घ्यावेच लागले नाही.

मला त्या वर्षाबद्दल सर्वांत जास्त सांगायचे आहे ते मात्र गर्दीबद्दल नाही. आमच्या सीनियर मुलींपैकी काहींनी बेळगावात खोली करून शिक्षण पूर्ण केले होते. दोघी-तिघींनी मिळून टिळकवाडीत किंवा अनगोळात खोली घ्यायची, डबा लावायचा, शनिवारी गावी जायचे. त्यासाठी घरी जो युक्तिवाद चालायचा त्यात मोठा आधार असे बसभाड्याचा: रोजचे भाडे आणि खोलीचे भाडे यांत फार फरक नाही, वेळ तर वाचतो. भाडे शून्य झाले आणि हा आधारच गेला. आमच्या वर्गातील किती जणींनी घरी खोलीची गोष्ट काढली आणि किती जणींना “गाडी फुकट आहे, मग खोली कशाला?” हे उत्तर मिळाले, याची चर्चा कॅन्टीनमध्ये वर्षभर पुरली. वडिलांच्या हिशेबात चूक नव्हती. पैशाचा रकाना एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला काही हजार. प्रवासातील तास त्या हिशेबात कुठेच नव्हते, कारण मुलीच्या तासाला घरात कधी दर लावलेलाच नसतो. जाऊन-येऊन गेलेला वेळ, परत आल्यावर वाट पाहत असलेले स्वयंपाकघर आणि पुस्तक उघडेपर्यंत मिटणारे डोळे, ही शून्य तिकिटाची दुसरी बाजू आहे.

याचा अर्थ योजना वाईट, असा कोणी घेऊ नये. आमच्याच वर्गात अशा मुली होत्या ज्यांचे शिक्षण बारावीनंतर थांबणार होते आणि केवळ भाड्याचा प्रश्न मिटल्यामुळे त्या बी.ए.ला आल्या. ज्यांना कॉलेज मिळतच नव्हते त्यांना ते मिळाले, आणि ज्यांना खोली मिळाली असती त्यांची खोली गेली. दोन्ही एकाच शून्याने केले. पहिल्या गटाचे पारडे माझ्या मते नक्कीच जड आहे. पण दुसरा गट हिशेबात धरायचाच नाही, हे मान्य होण्यासारखे नाही.

सीमेवरच्या वर्गात या उदाहरणाला आणखी एक पदर होता. चंदगड तालुक्यातून शिनोळीमार्गे येणाऱ्या मुलींचे आधार कार्ड महाराष्ट्राचे, म्हणून त्यांना ‘शक्ती’ नाही. महाराष्ट्राच्या एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. एकाच बाकावर बसून येणाऱ्या दोघींपैकी एकीचे तिकीट शून्याचे, दुसरीचे पूर्ण. याला मूल्यभेद म्हणायचे का, असा प्रश्न एकीने विचारला. सरांनी नाही म्हणून सांगितले आणि कारणही दिले: मूल्यभेदात विक्रेता ग्राहकाची ऐपत पाहून वेगवेगळी किंमत घेतो, इथे महामंडळाला दोघींचे भाडे मिळायचेच आहे, फक्त एकीचे तिच्या राज्याचे सरकार भरते. शिनोळीच्या मुलीने त्यावर, “म्हणजे आमचं कुणीच भरत नाही,” असे म्हटले आणि वर्ग हसला. ती हसली नाही.

बाकीचा अभ्यासक्रम त्या मानाने सरळ गेला. पुस्तक इंग्रजीत, सरांचे बोलणे कन्नड आणि मराठी मिसळून, आमच्या वह्या मराठीत; याची सवय बेळगावात शाळेपासूनच झालेली असते. मागणी-वक्र म्हणजे कोणत्या दराला किती मागणी होते हे दाखवणारी रेषा; त्या वक्रावरून सरकणे आणि वक्रच सरकणे यांतील फरक मात्र अर्ध्या वर्गाच्या डोक्यात शिरत नव्हता. तो शिरला रताळ्यामुळे. बेळगावच्या पश्चिम भागात आणि आमच्या तालुक्यात रताळी भरपूर होतात आणि ती मार्केट यार्डातून ट्रकने उत्तरेपर्यंत जातात. आवक वाढून रताळ्याचा दर उतरला आणि म्हणून लोकांनी जास्त घेतली, तर ते वक्रावरून खाली सरकणे. नवरात्रीचे उपवास आले आणि दर तोच असताना लोक जास्त मागू लागले, तर पूर्ण वक्र उजवीकडे गेला. कडोलीच्या मुलाने लगेच आपल्या कोबीचे सांगितले: एका वर्षी दर चढला की दुसऱ्या वर्षी सगळ्या शिवारात कोबी दिसतो आणि मग तो बांधावर टाकावा लागतो. दर पाहून पुढचा पुरवठा बदलण्याचे हे प्रकरण अभ्यासक्रमात पुढे होते, पण सरांनी ते त्याच दिवशी शिकवले आणि मला वाटते ते योग्यच केले.

पहाटेच्या तासाने गुण कमी होतात का, हा प्रश्न अर्थतज्ज्ञांनीच तपासलेला आहे हे मला नंतर वाचनात आले. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तासांच्या वेळा निवडता येत नाहीत. कोणाला कोणती वेळ मिळेल हे नशिबावर असते. त्याचा उपयोग करून तिघा संशोधकांनी 2011 साली दाखवले की ज्यांचा पहिला तास आठच्या आत असतो त्यांचे गुण त्या तासातच नव्हे, तर दिवसभराच्या इतर तासांतही कमी पडतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, ती याच प्रकारच्या कारणांसाठी. हे वाचून बरे वाटले, पण ते आमच्या वर्गाला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. त्या अकादमीत सगळे आवारातच राहतात. झोप सर्वांचीच मोडते, अंतर कोणालाच कापावे लागत नाही. आमच्याकडे शहरातल्याच हिंदवाडीतील मुलाचा साडेसातचा तास आणि नंदगडच्या मुलीचा साडेसातचा तास या मुळात दोन वेगळ्या किमतींच्या वस्तू होत्या आणि हजेरीपटावर त्यांची नोंद एकाच खुणेने होत होती.

त्या हजेरीपटावर मात्र सरांनी काहीतरी केले. पावसाळ्यात मलप्रभेला पाणी चढले की खानापूरकडच्या गाड्या केव्हा येतील याचा नेम नसे, आणि हजेरी तासाच्या सुरुवातीला होत असल्यामुळे ओल्या चपला घेऊन धावत आलेल्या मुलींची गैरहजेरी लागे. सरांनी हजेरी तासाच्या शेवटी घ्यायला सुरुवात केली. आमची सोय झाली, पण पंधरा दिवसांत असे दिसले की दहा मिनिटांवर राहणारी शहरातील मुले आता आठलाच येऊ लागली आहेत, कारण त्यांनाही उशिराचा दंड उरला नव्हता. सवलत कोणाला दिली आणि उचलली कोणी, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण परीक्षेतसुद्धा आले नाही. मग सरांनी गाडीने येणाऱ्यांची हजेरी शेवटी आणि शहरातल्यांची सुरुवातीला, अशी दोन वेळा घेणे सुरू केले. शहरातल्यांनी कुरकुर केली, पण पद्धत वर्ष संपेपर्यंत टिकली. आता अर्थशास्त्र दुसऱ्या तासाला गेले आहे आणि साडेसातला इतिहास आला आहे. इतिहासाच्या मॅडम हजेरी सुरुवातीलाच घेतात, असे यंदाच्या मुलींकडून कळते.